बोहरी आळीतली फवारणीची बाटली: पाच लिटरांत इंजिनाची अंघोळ

वस्तू: हातपंपाची फवारणीची बाटली, दोन लिटरची, पांढरी, टोपी नारिंगी. कंपनीचं नाव कुठेही नाही. खोक्यावर एक हसरी बाई गुलाबावर पाणी मारतेय, एवढीच काय ती ओळख. बोहरी आळीत घेतली, २८० रुपयांना. दुकानदाराने ३२० सांगितले, मी पाठ फिरवली तसा तो २८० वर आला. म्हणजे अजून उतरला असता, पण ऊन फार होतं.

गुलाब आमच्याकडे नाहीत. बाटली घेतली ती गाडीचं इंजिन धुवायला.

आता हे का, ते सांगते. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाल रंगात पाटी आहे: 'नळी लावून गाडी धुण्यास सक्त मनाई आहे. पाणी टँकरने येते, आकाशातून नाही.' माजी चेअरमननी स्वतः रंगवलेली. (आकाशातूनच येतं, असं खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय. मी नाही.) त्यामुळे बाहेरून पुसायची तेवढी पुसायची आणि इंजिनासाठी वॉशिंग सेंटर गाठायचं, असा बारा वर्षांचा शिरस्ता. गाडी २०१३ची, छोटी, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची.

गेल्या वर्षी तो शिरस्ता मोडला. सिंहगड रोडच्या बाजूला एका वॉशिंग सेंटरवर नेली होती. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पोराची चूक होती तेवढीच माझीही होती. त्याने बोनट उघडलं, आधी डिझेलचा फवारा मारला आणि मग जेटची नळी थेट इंजिनावर धरली. मी समोर खुर्चीत चहा पीत बघत होते. गाडी दिसायला झक्क झाली. राजाराम पुलावर आले आणि तिने मिसिंग मारायला सुरुवात केली. थरथर अशी की डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागला. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला नव्हता, मिचमिचत होता. मागून हॉर्न. पुलावर थांबायला जागा नाही म्हणून तशीच रेटत घरी आणली. नंतर मिस्त्रींनी सांगितलं, हा दिवा मिचमिचत असताना गाडी चालवायची नसते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खराब होतो आणि मग हजारांत खर्च.

वारज्याच्या आमच्या मिस्त्रींनी प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइल वर काढल्या तर एका प्लगच्या विहिरीत चमचाभर पाणी. विहीर हा त्यांचाच शब्द, आणि नेमका आहे. प्लग खोल खड्ड्यात बसतो, वर कॉइलचं रबर बूच असतं. नव्या गाडीत ते बूच घट्ट असतं; बारा वर्षं तापून गार होऊन रबर कडक झालं की पावसाचे शिंतोडे ते अडवतं, जेट अडवत नाही. घरगुती जेट मशिनवरसुद्धा शंभराच्या वर बार दाब लिहिलेला असतो. माझ्या हातपंपात जोर लावून दोन-तीन बार भरत असतील. या एका फरकासाठी हे सगळं लिहितेय.

मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं सहायक होते. काचेचं काहीही न फोडता साफ करायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा यंदा ठरवलं, खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी इंजिन घरीच धुवायचं. ह्यांचं म्हणणं, "दसऱ्याला रिक्षा मिळते का ते आत्ताच बघून ठेवतो."

बाटलीत भरायचं काय, यात माझा एक शनिवार गेला. मिस्त्रींची पद्धत रॉकेल आणि ब्रश. चिकटा निघतो, नाही म्हणत नाही. पण कूलंटच्या हॉज पाइपचं रबर अशा जातीचं असतं की ते रॉकेल-डिझेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. आज काही दिसत नाही. सहा महिन्यांनी खंबाटकीच्या चढावर पाइप फुटतो. शिवाय पार्किंगमध्ये रॉकेलची वाफ आणि शेजारी कोणाच्या तरी स्कूटरची किक, हे मला झेपणारं नाही. पेट्रोलने पुसणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही.

मग नाना पेठेत गेले. स्पेअर पार्टची गल्ली पालथी घातली. एका दुकानात सुटं 'इंजिन डिग्रीझर' मिळालं, जांभळं, पाण्याच्या बाटलीत ओतून दिलेलं. घरी येऊन आम्ल-अल्क दाखवणारा पीएच पेपर बुडवला (निवृत्तीच्या वेळी दोन पुस्तिका पर्समध्ये राहून गेल्या होत्या, चुकून) तर कागद गर्द निळा, तेराच्या घरात. म्हणजे जवळजवळ कॉस्टिकच. दुकानदार म्हणाला होता, "ताई, एकास दहा पाणी घाला, काही होत नाही." पण पीएचचं गणित असं की दहापट पाणी घातलं तरी असला तीव्र अल्क एकाच अंकाने उतरतो. तेराचा बारा. आणि इंजिनाचा बराचसा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा उकळून बघा, पातेलं काळं पडतं. सोड्याने हे होतं, तर बारा पीएचवाल्याने काय होईल? ते जांभळं प्रकरण मी वापरलं नाही.

वापरलं ते असं: बाटलीत दीड लिटर पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन छोटे चमचे. हे ऐंशी टक्के घाणीला पुरतं, कारण इंजिनावरची घाण म्हणजे मुख्यतः धूळ. पुण्यात तर विचारूच नका. मेट्रोची धूळ, बायपासची धूळ, आणि आम्ही मे महिन्यात गुहागरला जाऊन आलो त्याची तांबडी माती वेगळी. जिथे तेलाचा काळा चिकटा आहे तिथेच फक्त 'ऑल पर्पज क्लीनर', पाणी घालून पातळ केलेला, ब्रशावर घेऊन. त्याचा पीएच पेपरवर दहाच्या आत आला. तो चांगल्या दुकानातून सीलबंद घेतला, ३५० रुपये, आणि त्यातला जेमतेम कपभर लागला.

रविवारी सकाळी ७ वाजता. गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी, म्हणजे इंजिन पूर्ण गार. ही अट मोडायची नाही. गरम एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो, आणि तेवढं नाही झालं तरी साबण पडल्या पडल्या वाळून डाग धरतो. काचेचं गरम बीकर नळाखाली धरणारी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. दरवर्षी तोच आवाज.

गाडीखाली जुना फ्लेक्स अंथरला. एका 'भावी नगरसेवका'च्या वाढदिवसाचा, गणपतीनंतर चौकात बेवारस पडलेला. तेल-पाणी त्याच्यावर साचलं, गटारात गेलं नाही. भावी नगरसेवकांनी वॉर्डासाठी केलेलं हे पहिलं काम असावं.

मग दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. आधी निगेटिव्हच. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते; पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो. निगेटिव्ह निघाली की पाना कुठेही टेकू दे. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. याने घड्याळ शून्यावर येतं आणि काही गाड्यांचा म्युझिक सिस्टीम कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा. आमच्या गाडीने काही मागितलं नाही.

झाकाझाकीला चितळ्यांच्या दुधाच्या पिशव्या. धुऊन वाळवून ठेवलेल्या असतातच घरात, वहिनी म्हणते मला त्यांचा संग्रह करायचा आजार आहे. जाड असतात, फाटत नाहीत आणि कापून उलगडली की एक पिशवी अल्टरनेटरला बरोबर बसते (मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात). एक फ्यूज बॉक्सवर, तीन पिशव्या तीन कॉइलवर, एक एअर फिल्टरच्या तोंडाला, एक ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) जोडावर. एकूण सात. भाजीच्या जुड्यांची रबरं लावून. तेलाचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसलीय ना, ते हाताने दाबून पाहिलं. सात हा आकडा हातावर पेनने लिहिला. हे हसण्यावारी नेऊ नका. लावलेलं सगळं निघालं का, ते मोजल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, कारण एक पिशवी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेली तर काय होईल ते मला बघायचं नाही.

पाण्याआधी कोरडं काम, आणि सगळ्यात किळसवाणं काम हेच. पुढच्या काचेखाली, वायपरच्या खालच्या जाळीत सोनमोहोराची पानं आणि पाकळ्या बोटभर थर करून कुजलेल्या. त्या पन्हाळीला पाणी जायला भोकं असतात. ती तुंबली की पाणी गाडीच्या आत पायाशी उतरतं. पावसाळ्यात आमचा पायपोस का कुबट येत होता ते तेव्हा कळलं. मी एसीला दोष देत होते. आणि बॅटरीच्या मागे कोपऱ्यात उंदराचा संसार: शेंगांची टरफलं, बोनटच्या आतल्या गादीचा कापूस, आणि कोणाच्या तरी लग्नाच्या अक्षता. उंदराची घाण कोरडी झाडायची नाही. आधी जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करायची, हातमोजे-मास्क लावून चिमट्याने उचलायची. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो विनोदाचा विषय नाही. वायरी कुरतडल्यात का, ते टॉर्च लावून पाहिलं. एकीचं फक्त वरचं वेष्टण गेलं होतं, मिस्त्रींकडून टेप करून घेतली.

आता बाटली. पंचवीस वेळा दट्ट्या मारला की पितळी नोझलमधून सलग फवारा येतो, नोझल पिळलं की धुक्यासारखा, सोडलं की धारेसारखा. मी मधलं ठेवलं. एका वेळी हातभर जागा: फवारा, दोन मिनिटं थांबणं, ब्रश, साध्या पाण्याचा फवारा, फडकं. ब्रश रंगाचा एक इंची. त्याची पत्र्याची पट्टी इन्सुलेशन टेपने गुंडाळली, म्हणजे धातू कुठे लागायला नको. सांध्यांत जुना टूथब्रश. बाटलीचा फायदा असा, की पाणी जिथे हवं तिथे जातं आणि जिथे नको तिथे जात नाही. पिशव्या बांधलेल्या असल्या तरी मी कॉइलकडे नोझल केलंच नाही. तो भाग ओल्या फडक्याने पुसला. पट्ट्यावर साबणाचा थेंब नाही, नाहीतर तो घसरून कोकलतो. बोनटच्या आतली गादीही भिजवायची नाही, आठवडाभर वाळत नाही.

बॅटरीच्या टोकावर पांढरा-हिरवा फुलोरा धरला होता. त्यावर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट. फसफसते, आम्लाचा निकाल लागतो, टूथब्रशने निघून जातं, पाण्याने पुसायचं आणि शेवटी व्हॅसलीनचं बोट. झाकणांच्या भोकांतून सोडा आत जाऊ द्यायचा नाही. हा भाग मला इतका आवडला की शेजारच्या काकांच्या बॅटरीचंही करून दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

साडेआठला सेक्रेटरी आले. पाटीकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बाटली वर धरली. "दोन लिटर. दोनदा भरलीय, तिसऱ्यांदा अर्धी." ते म्हणाले, "म्हणजे पाच." गणिताचा माणूस. मग वाकून आत बघत उभे राहिले, अर्धा तास, आणि प्रत्येक पार्टचं नाव विचारलं. मला निम्मी आली.

कोरडं करायला फडकी, मग बोनट उघडं टाकून उन्हात दोन तास. मधे केस वाळवायचा ड्रायर थंड हवेवर, सांध्यासांध्यांत. एका कनेक्टरवर थेंब दिसला तिथे मिस्त्रींनी मागे दिलेल्या डब्ल्यूडी-फोर्टीचा एक फुसकारा. त्याचं नावच 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजे पाणी हाकलणारं, आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयोग, १९५३ सालचा. एकोणचाळीस वेळा फसून वहीत नोंद ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. तरी रबरावर आणि गरम इंजिनावर मारू नका, पेटतं.

पिशव्या काढल्या. सहा. पुन्हा मोजल्या, सहा. हे वरून गॅलरीतून "रिक्षा बघू का?" मी टॉर्च घेऊन खाली वाकले, वर वाकले, फ्लेक्सच्या घड्या उलगडल्या. पाच मिनिटांनी सातवी पिशवी माझ्याच ओढणीला रबरासकट लटकलेली सापडली. सेक्रेटरींना ती केव्हाच दिसली होती म्हणे, पण त्यांना वाटलं तसंच असतं.

निगेटिव्ह लावली, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू. दोन-तीन मिनिटं आयडलिंग जरा वर-खाली झालं, बॅटरी काढल्यावर होतं तसं, मग बसलं. दहा मिनिटं तशीच चालू ठेवली, म्हणजे उरलंसुरलं पाणी उष्णतेने उडून जातं. दिवा नाही, थरथर नाही. डॅशबोर्डवरचा गणपती जागच्या जागी.

चकाकीचा स्प्रे नाना पेठेतला पोरगा गळ्यात मारत होता, ४५० रुपये. नाही घेतला. सिलिकॉनवाला पट्ट्यावर उडाला तर कटकट, त्यावर धूळ अधिक बसते, आणि बोनट उघडून बघायला येणार कोण? सेक्रेटरी सोडून.

धुतल्याचा खरा उपयोग खंडेनवमीला झाला. दहा नंबरच्या पान्याची पूजा केली, झेंडूचं तोरण बांधायला बोनट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेला, स्वच्छ धातूवर, केसासारखी बारीक नवी तेलाची रेघ. आधीच्या काजळीत ती कधीच दिसली नसती. पॅकिंग म्हातारं झालं होतं, मिस्त्रींनी ९०० रुपयांत बदललं. म्हणाले, "ताई, स्वच्छ इंजिन आणलंत म्हणून काम अर्ध्या वेळात झालं." पैसे अर्धे नाही केले.

माझ्या भाचीची हायब्रिड आहे, तिने लगेच फोन केला, माझीपण कर. नाही म्हटलं. त्यात जाड केशरी वायरी असतात, शेकडो व्होल्टच्या. तिथे माझं २७ वर्षांचं ज्ञान संपतं. ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी.

आता बाटलीचे दोष. टोपीतला रबरी वॉशर पहिल्याच दिवशी अंग चोरू लागला, दट्ट्याला व्हॅसलीन लावल्यावर सुधारला. दाब सोडायचं बटण इतकं छोटं की हातमोज्यात सापडत नाही. मी ते न दाबता टोपी फिरवली आणि ती उडून साबणाचं पाणी थेट चष्म्यावर. चष्मा होता म्हणून बरं. आधी दाब सोडा, मग टोपी. भरलेली, दाबातली बाटली उन्हात ठेवू नका. लिटरच्या खुणा छापल्यात पण खोट्या आहेत. मोजपात्राने तपासल्या, दोन लिटरच्या खुणेला १,८५० मिलिलिटर. सेक्रेटरींना हे सांगितलेलं नाही. काम झाल्यावर साध्या पाण्याने दोनदा फवारून धुवा, नाहीतर क्लीनर वॉशर खातो. पाचपैकी चार. खुणा खऱ्या असत्या तर साडेचार.

बाटलीवर मार्करने मोठ्ठं 'गाडी' लिहून ती गॅलरीत ठेवली होती. परवा सकाळी हे त्याच बाटलीने तुळशीला पाणी घालताना दिसले. विचारलं तर म्हणाले, "लिहिलंय ते मागच्या बाजूला."